इसाकला कोण सांगणार

आमच्या माळ्यावर एक शवपेटी होती आणि तिच्यात वाळवलेली सफरचंदं होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्या सासूबाई काय चीज होत्या ते कळेल आणि मी इतकी का करवादते तेही कळेल.

पेटी त्यांची स्वतःची. साठी उलटल्यावर त्यांनी ती गावच्या सुताराकडून करून घेतली. माप द्यायला त्याच्या कामाच्या बाकावर चक्क आडव्या झाल्या आणि "पायाकडे जरा ऐसपैस ठेव रे, मला गुडघे दुमडून झोपायची सवय आहे," असं बजावून आल्या. मग एवढी घट्ट, उंदीर न शिरणारी पेटी नुसती कशाला पडू द्यायची म्हणून तिच्यात सफरचंदाच्या चकत्या. हिवाळ्यात फळांचं सार करायचं म्हटलं की मी शिडी चढून माळ्यावर, आणि खालून सासूबाईंचा आवाज, "युस्टिना, पायाकडच्या काढ गं आधी, डोक्याकडच्या अजून नीट वाळल्या नाहीत." सबंध आयुष्य मी अशी त्या पेटीत वाकून स्वयंपाक केला.

नाव अगाथा एन्स. आमचं जर्मन लोकांचं गाव तलासच्या खोऱ्यात, किर्गिझांच्या शेजारी. आमचे पणजोबा रशियातून गाडे जुंपून इतक्या लांब आले ते एकाच कारणासाठी. प्रभू पूर्वेकडून येणार, तर आपण जरा पुढे जाऊन उभं राहावं. प्रभू काही तेव्हा आले नाहीत. मंडळी थोडे दिवस आकाशाकडे बघत बसली, मग पोटाला काहीतरी हवं म्हणून पाट खणले, सफरचंदं लावली, गाई पाळल्या. वाट बघणं मात्र आमच्या रक्तात राहून गेलं, आणि सगळ्या गावाच्या वाटणीचं एकट्या सासूबाईंना मिळालं असावं.

मेलेली माणसं एक दिवस देहासकट उठणार, हे आमच्यात सगळेच मानतात. मीही मानते. पण आम्ही ते रविवारी मानतो. सासूबाई सोमवार ते शनिवारसुद्धा मानायच्या. सामुदायिक शेतावर कडबा कापायच्या यंत्रात त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट गेलं, तेव्हा बाकीच्या बायका रडत होत्या आणि ही बाई हाताला फडकं गुंडाळून कडब्यात बोटं शोधत होती. सापडली तशी तंबाखूच्या डबीत घातली आणि टाके पडल्यावर घरी न येता सरळ दफनभूमीत गेल्या, आणि स्वतःसाठी राखलेल्या जागेत ती डबी पुरून आल्या. "उठल्यावर शोधत बसायला नको," हे त्यांचं म्हणणं. मला लग्न होऊन आल्याच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी ती जागा दाखवली. दुसऱ्या सुनांना सासू दागिने दाखवते.

त्या जागेच्या शेजारी आणखी एक जागा होती, रिकामी. तीही राखलेली. ती इसाकची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. त्यांना बेचाळीस साली सरकारने सक्तीच्या कामावर उत्तरेच्या जंगलात नेलं, झाडं तोडायला. माझा नवरा डीट्रिख तेव्हा नुकता नीट बोलायला लागला होता. इसाक परत आले नाहीत. कुठल्या खड्ड्यात टाकलं, कोणाबरोबर टाकलं, काही कळलं नाही. सासूबाई दर शनिवारी विळा घेऊन जायच्या आणि दोन्ही जागांवरचं गवत काढायच्या. जिथे कोणी नाही तिथलं गवत. मी एकदा म्हटलंही, "आई, तिथे कोणी नाहीये." तर म्हणाल्या, "अजून नाहीये."

आमच्यात मेलेल्याचे पाय पूर्वेला ठेवतात. डोळे उघडून उठून बसलं की तोंड थेट येणाऱ्या प्रभूकडे. आमच्या मंडळीचे उपदेशक आरोन वीब, त्यांचे वडील गेले तेव्हा खणणाऱ्या पोरांनी गडबड केली आणि पेटी उलटी उतरली, डोकं पूर्वेला. माती लोटायला सुरुवात झाली होती. आमच्या सासूबाईंनी फावड्यासमोर उभं राहून दफन थांबवलं.

"काढा वर. फिरवा."

आरोनभाऊ सुतकात होते तरी भडकले. "अगाथाकाकू, देवाला दिशा कळते. त्याला काय आमचे बाबा सापडणार नाहीत?"

"देवाला सापडेल रे. पण तुझा बाप प्रभूकडे पाठ करून उठेल त्याचं काय? आधीच सभेत आयुष्यभर खिडकीबाहेर बघत बसायचा."

पाऊस भुरभुरत होता. सगळी मंडळी उभी आणि सहा माणसं दोऱ्या लावून पेटी वर काढतायत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी पेटी फिरवलीच. चहाबरोबरचे, गोळ्यावर गोळा ठेवून भाजलेले दोन मजली पाव मी सगळ्यांना मान खाली घालून वाटले.

मग तो काळ आला. सोव्हिएत राज्य मोडलं आणि जर्मनीचं दार उघडलं. गावातली घरं एकामागून एक रिकामी व्हायला लागली. आरोनभाऊ पहिल्याच तुकडीत गेले. आमची नेली, एकुलती एक लेक, नवऱ्याबरोबर गेली आणि तिथे तिला मुलगा झाला. टोबियास. मी त्याला फोटोत पाहिलं होतं. एकदा जिल्ह्याच्या टपाल कचेरीतून फोन लावला तेव्हा नेलीने त्याला फोनजवळ धरलं, तर त्याने नुसता श्वास घेतला. मी तो श्वास ऐकून घरापर्यंत रडत आले. आमचीही परवानगी आली होती. उलकान आपांचा मुलगा आमचं घर घेणार होता. उलकान आपा म्हणजे आमच्या पाटापलीकडच्या किर्गिझ शेजारीण, सासूबाईंपेक्षा थोड्या लहान, आणि भांडणाला तेवढ्याच खमक्या. सगळं जुळलं होतं. सासूबाईसुद्धा "बघू, बघू" पर्यंत आल्या होत्या.

आणि आरोनभाऊ पाहुणे म्हणून आले.

कॉफी घेऊन आले, प्लॅस्टिकचा फुलाफुलांचा टेबलावरचा कपडा घेऊन आले. जेवायला बसले आणि जर्मनीचं वर्णन सुरू. रस्ते असे, दवाखाने तसे, बसचा ड्रायव्हर स्वतः नमस्कार करतो. सासूबाई ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "आणि दफनभूमी?"

"अहो काकू, बागच! फुलं काय, वाटा काय. आणि शिस्त बघाल तर... प्रत्येकाला पंचवीस वर्षं. झाली पंचवीस वर्षं की दगड उचलतात, जागा मोकळी करतात आणि दुसऱ्याला देतात. गर्दी म्हणून नाही."

मी टेबलाखालून त्यांना लाथ मारली. ती डीट्रिखला लागली.

सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. "मोकळी करतात म्हणजे?"

"म्हणजे... काही उरलेलंच नसतं हो तोपर्यंत."

"हाडं?"

"ती खाली सरकवत असतील. किंवा... मला नक्की माहिती नाही." आरोनभाऊंना आता आपण कुठे पाय घातलाय ते कळलं आणि त्यांनी सभेतला आवाज काढला. "काकू, ती मातीच शेवटी. आपण का इथे राहणार आहोत? आपण वर जाणार. सोन्याचे रस्ते, मोत्यांची दारं. ही पृथ्वी तर जळून खाक व्हायची आहे."

"कोण म्हणतं? खाक करायचीच तर नवी करतो असं देव कशाला सांगेल?" सासूबाई म्हणाल्या. "तो काय आपला शेताचा चेअरमन आहे, ट्रॅक्टर मोडला की टाकून द्यायचा आणि मॉस्कोकडे दुसरा मागायचा? मी बाई असून फाटकं पोतंसुद्धा टाकत नाही, ठिगळ लावते. त्याने एवढे डोंगर केले, एवढी सफरचंदं केली, तो टाकून देईल? वर कोणी जात नाही, आरोन. वरचंच खाली यायचंय. इथेच राहायचंय, धुऊनपुसून नीट केलेल्या जागेत. आणि सोन्याचे रस्ते तुलाच लखलाभ. माझ्या कोंबड्यांनी उकरायचं कुठे?"

"काकू, ते रूपक आहे."

"मग तुझी पंचवीस वर्षंही रूपकच असतील."

ती रूपक नव्हती, आणि आरोनभाऊंच्या तोंडावरूनच ते कळत होतं. सासूबाई उठल्या. "मी येत नाही," म्हणाल्या आणि कोंबड्यांना दाणे टाकायला निघून गेल्या. त्या आरोनला मी जाताना पावाचा डबा बांधून देणार होते. तो दिला नाही.

पुढचे महिने मी कसे काढले माझं मला माहीत. डीट्रिखशी बोलावं तर तो माणूस मुळातच मुका. एकच वाक्य, "आईला सोडून मी जाणार नाही." सासूबाईंशी बोलावं तर त्या सुई-दोरा घेऊन बसायच्या आणि तीन बोटांच्या हाताने मोजे रफू करत माझं सगळं ऐकून घ्यायच्या. मी शास्त्रातले दाखले दिले. समुद्रात बुडालेल्यांचं काय, म्हटलं, वाघाने खाल्लेल्यांचं काय? त्यांना देव उठवणार नाही? उठवेल, म्हणाल्या. मग तुम्हाला का नाही उठवणार? मलाही उठवेल, म्हणाल्या. मग अडलंय कुठे? तर परत मोजा हातात.

एका सकाळी माझा ताबा सुटला. नेलीचा नवा फोटो आला होता. टोबियास उभा राहायला लागला होता, कोणाच्या तरी खुर्चीला धरून. मी तो फोटो त्यांच्या मांडीवर आपटला.

"हे बघा! हे पोर चालायला लागलं. ते शाळेत जाईल, त्याचं लग्न होईल आणि मी इथे तुमच्या पेटीतली सफरचंदं मोजत बसेन! तुम्हाला मेलेल्या माणसाच्या हाडांची काळजी आहे, जिवंत पणतूची नाही! देवावर भरवसा आहे भरवसा आहे म्हणता, कुठे आहे तो भरवसा?"

त्यांनी फोटो उचलला, चष्म्याजवळ नेला, बराच वेळ पाहिला. मग मी आजवर कधी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाल्या, "देवावर माझा भरवसा आहे गं. इसाकवर नाही."

मला काही कळेना.

"मी कुठूनही उठेन. तोही उठेल, जिथे कुठे असेल तिथून. पण उठल्यावर तो येणार कुठे? इथेच येणार. त्याला दुसरं काय माहितीय? त्या माणसाला स्वतःच्या अंगणात बांधलेली बकरी सापडायची नाही, युस्टिना. गिरणीला म्हणून निघायचा आणि भलत्याच गावात पीठ मागायचा. तो इथे येईल, माझी जागा बघेल, तर तिथे मी नाही. माझी दोन बोटं तेवढी. आणि मी कुठेतरी दुसऱ्याला दिलेल्या जागेखाली. गावात आपलं कोणी उरलेलं नाही. त्याला कोण सांगणार?"

बापरे, म्हटलं. म्हणजे एवढे महिने ही बाई या एका गोष्टीपायी सगळ्यांना वेठीला धरून बसली होती. मला इतका राग आला आणि इतकं वाईट वाटलं की दोन्हीतलं काय आधी करावं सुचेना. मी अंगणात जाऊन बादली लाथेने उडवली. रिकामी बादली, गावभर वाजली.

पाटापलीकडून उलकान आपा ओरडल्या, "अगं, काय चालवलंयस? माझ्या कोंबड्यांनी अंडी घालायची बंद केली!"

मी होते तशी पाटावर जाऊन सगळं ओकून टाकलं. आरोनभाऊ, पंचवीस वर्षं, बोटं, इसाक, सगळं. मला वाटलं निदान त्या हसतील, म्हणतील, म्हातारीला वेड लागलंय. त्या हसल्या नाहीत. डोक्याचं फडकं घट्ट बांधलं, पाट ओलांडला आणि सरळ आमच्या स्वयंपाकघरात येऊन चुलीजवळ बसल्या. मी चहा ओतला.

"काय गं म्हातारे, जात का नाहीस?"

"तिकडे पंचवीस वर्षांनी उकरतात," सासूबाई म्हणाल्या.

"उकरू देत. आमचे मुल्ला म्हणतात, एवढंसं हाड उरलं तरी त्यावरून अख्खा माणूस उभा करतो तो."

"तुमच्यातही देहासकट उठतात?" मी विचारलं. इतकी वर्षं शेजारी राहून मला हे माहीत नव्हतं.

"नाहीतर काय, झोपूनच राहायचं?" आपा माझ्याकडे न बघता म्हणाल्या. मग सासूबाईंना, "ही म्हणते इसाकचा प्रश्न आहे. तो कुठल्या बाजूने येईल?"

"मोठ्या रस्त्याने. उत्तरेकडून. पण आधी तुझ्याच फाटकाशी जाईल. दोन्ही फाटकं हिरवी."

"जाईलच. मी नवी सून होते तेव्हा आमच्या अंगणात घोडा बांधून, आत येऊन, टोपी काढून बसला होता. आपलं घर समजून! माझी सासू त्याला विचारते, काय हवंय? तर म्हणतो, अगाथा कुठाय?" आपा मांडीवर थाप मारून हसल्या. "उंच होता. कान हे एवढे. मला चांगला आठवतोय."

सासूबाईंनी मोजा बाजूला ठेवला. इसाकला पाहिलेलं, त्याचे कान आठवणारं माणूस गावात आता दुसरं नव्हतंच. मला हे तोपर्यंत सुचलं नव्हतं.

"मग झालं तर," आपा म्हणाल्या. "मी कुठे जाणार आहे? आमची कबरींची टेकडी कोणी उकरत नाही. आणि बघ, तुम्हाला उगवतीकडे तोंड करून ठेवतात, आम्हाला मावळतीकडे, मक्केच्या दिशेला. मी उठले की समोर काय? तुमच्या दफनभूमीची टेकडी. कोण आलं, कोण उठलं, सगळं मलाच आधी दिसणार. लांबकान्या तिथे घुटमळताना दिसला की हाक मारते. म्हणते, अरे, ती जर्मनीला गेलीय, तिकडे मावळतीकडे जा."

"विसरशील."

"चव्वेचाळीस साली तू माझी कढई नेलीस, ती मी विसरलेय?"

"ती मी परत दिली होती!"

"तळ जाळून दिली होतीस."

"आणि तो तुझं ऐकेल कशावरून? त्याला दिशा कळत नाही, उलकान. मावळती म्हटलं तर उगवतीला जाईल."

आपांनी चहाचा घोट घेतला. "तुझी बोटं आहेत ना तिथे पुरलेली? त्यातलं एक दाखवायचंच ना? राहू दे ते तिथे. मी हाक मारेन, ते दिशा दाखवेल."

सासूबाई हसल्या. मोठ्याने, दात नसलेल्या तोंडाने, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मी या घरात आल्यापासून त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. चहाची केटली हातात घेऊन मी नुसती उभी.

मग आपा हळूच म्हणाल्या, "माझाही यायचाय, अगाथा. लढाईवरून. कुठे पडला ते मला तरी कुठे कळलंय? मी तिथे उभी राहणारच आहे. एकाची वाट बघायची तिथे दोघांची."

सासूबाईंनी स्वतःचा पेला आपांपुढे सरकवला. मग मला म्हणाल्या, "युस्टिना, प्रवासाला पाव भाजायला घे. चांगले कडक भाज, नाहीतर मॉस्कोपर्यंत बुरशी येईल."

झालं? संपलं? मी एवढे महिने शास्त्र घोटत होते, आणि हे काम एका चहात झालं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण त्याआधी असा संताप झाला की मी पीठ मळता मळता मूठभर मीठ जास्त टाकलं.

आणि अगाथा एन्स म्हणजे एका गोष्टीला हो म्हटलं की दुसऱ्या गोष्टीवर अडून बसणार. पेटी जर्मनीला न्यायची. हो, शवपेटी. डीट्रिखने बिचाऱ्याने मापसुद्धा घेतलं. मी म्हटलं, "विमानात लोक काय म्हणतील?" त्या म्हणाल्या, "लोकांना कधीतरी लागेलच की." शेवटी परत आपाच आल्या. "पेटी इथे राहू दे. दोघं इतक्या लांबून येतील, भुकेले असतील. मी त्यांना खायला काय घालू?" हे सासूबाईंना पटलं. निघायच्या दिवशी पेटी, सफरचंदांसकट, आमच्याच माळ्यावर राहिली आणि घर उलकान आपांच्या मुलाचं झालं. ट्रक हलला तेव्हा दोन म्हाताऱ्या कढईवरून भांडत होत्या.

जर्मनीत सासूबाई चार हिवाळे काढून गेल्या. तिसऱ्या मजल्यावरचं घर, खाली कोंबड्या नाहीत, सफरचंदांना वास नाही, असं रोज ऐकवत. टोबियासला मात्र त्यांनी तीन बोटांनी नाक ओढायला शिकवलं. गेल्या त्या झोपेत, गुडघे दुमडून.

दफनभूमीच्या कचेरीत एक तरुण कारकून होता. अतिशय सभ्य. त्याने नकाशावर जागा दाखवली. रांगा भिंतीला धरून, पाय उत्तरेला. मी म्हटलं, चालणार नाही. तो म्हणाला, बाई, सगळ्या रांगा अशाच आहेत. मी म्हटलं, मग तुमची सगळी माणसं उठून भिंतीकडे बघणार आहेत. त्याने नकाशा फिरवून पाहिला. मी सांगितलं की पाय पूर्वेलाच हवेत, कारण प्रभू तिकडून येणार. दुसरं कारण मी त्याला सांगितलं नाही, ते त्याला कळलंही नसतं. आमचं खोरंही पूर्वेलाच आहे. एकदा पत्ता मिळाला की इसाकही त्याच बाजूने येणार. तर अगदी कोपऱ्यात, वाळलेल्या फुलांचा ढीग टाकतात त्याच्या शेजारी, एक जागा निघाली जिथे वाट वळते आणि पाय पूर्वेला होतात. ती घेतली. घरी येताना डीट्रिख म्हणाला, "अगदी आईसारखी बोलत होतीस." आयुष्यात न विचारता बोललेलं त्याचं हे पहिलं वाक्य असेल. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

गेल्या शरदात फोन आला. नूरजमाल, उलकान आपांची सून, आता आमच्या घरात राहते ती. आपा गेल्या.

दोघी थोडं रडलो. मग तिने सुरू केलं, आणि तो सूर मला इतका ओळखीचा होता की मी खुर्ची ओढून बसले.

"जाता जाताही छळून गेल्या हो, ताई. टेकडीच्या अगदी पुढच्या कडेला जागा हवी म्हणे. तिथे सगळा खडक! मागे लोण्यासारखी माती पडलीय, तिथे नको. पुरुषमाणसं दिवसभर पहारी घेऊन शिव्या घालत होती. समोर झाड लावायचं नाही, कुंपण घालायचं नाही, समोरचं सगळं दिसलं पाहिजे. आणि ती तुमची माळ्यावरची पेटी! दरवर्षी सफरचंदांनी भरायची म्हणून मला शपथ घातलीय. कशाला, विचारलं, तर म्हणाल्या, पाहुणे यायचेत. कोण पाहुणे? ताई, तुम्हाला काही माहितीय का?"



"माहितीय," मी म्हटलं. "दोघं यायचेत. एक तुझे सासरे. दुसरा उंच आहे, कान मोठे. तो चुकून आधी तुमच्याच जुन्या फाटकाशी जाईल."

"मग? मी काय करायचं?"

"काही नाही गं. घोडा बांधू दे त्याला, आणि खायला घाल. पुढचं आपा बघतील."